पिकअपसाठी आठ लाख? आधी वहीचं पान वाचा

गोव्यातल्या साखळीहून एका शिक्षिका ताईंचं पत्र आलं. २०२० सालची छोटी एसयूव्ही, १.२ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन, पाच गिअर, ६२ हजार किलोमीटर झालेली. यजमान रोज म्हापशाला कामाला जातात, लेक बेळगावला शिकते, तिची अजून दोन वर्षं आहेत. महिन्यातून दोनदा चोर्ला घाट होतो. ताई लिहितात: ‘घाटात ट्रकच्या मागे अडकलो की गाडीला दम राहत नाही. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चार हजारांवर जातो, आवाज येतो, पण गाडी पुढे जात नाही. वर पोचल्यावर जळकट वास येतो. यजमान म्हणतात, टर्बोची (इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची) नवी गाडी घेऊ. पणजीत एकाने २८ हजारांत रिमॅप (इंजिनाच्या संगणकाचा प्रोग्रॅम बदलणं) आणि फ्री-फ्लो (धूर मोकळा सोडणारा) सायलेन्सर सांगितला आहे. मला मात्र पेट्रोलचा खर्च कमी करायचा आहे, आणि मुलांना वर्गात पर्यावरण शिकवताना आपण स्वतः जास्त धूर सोडावा हे मनाला पटत नाही. काय करू?’

सोबत पेट्रोलच्या वहीच्या दोन पानांचे फोटो होते.

ताई, तुमच्या पत्रात सगळ्यात मोलाची गोष्ट ती वही आहे. दर वेळी टाकी फुल्ल, बाजूला किलोमीटर, शेवटच्या रकान्यात भागाकार. दोन वर्षांपूर्वीच्या पानावर सरासरी लिटरला १६.२ किलोमीटर येते. यंदाच्या पानावर १३.८, १३.३, १३.१. तारखा बघितल्या तर ही घसरण एकदम झालेली नाही, सावकाश झाली आहे. पिकअप गेला अशी तक्रारही तुम्ही याच काळातली सांगता.

इथेच थांबून विचार करायला हवा. तुमच्या घरात वाद आहे तो पिकअप की बचत असा. पण तुमच्या गाडीत दोन्ही एकाच वेळी कमी झालेत. सुदृढ गाडीत एक मिळवायला दुसरं थोडं सोडावं लागतं. दोन्ही हातांतून एकदम निसटतात तेव्हा मधेच कुठेतरी गळती असते. काटा वर जातो, वेग वाढत नाही आणि वर जळकट वास, ही तीन लक्षणं मला क्लच घसरत असल्याची वाटतात. क्लचप्लेट झिजली की इंजिनाची ताकद चाकापर्यंत पूर्ण पोचत नाही, मधेच घर्षणात उष्णता होऊन जाते. पेट्रोल तेवढंच जळतं, गाडी मात्र चढत नाही. म्हापशाच्या गर्दीत रोज हाफ क्लचवर सरकणाऱ्या गाडीची प्लेट ६२ हजारांत संपली तर नवल नाही.

आधी खात्री करून घ्या. मोकळ्या, सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरला ४० च्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा झटकन वर गेला आणि वेग मागे राहिला, तर क्लचच. मग ओळखीच्या मेकॅनिकला दाखवा. त्याच वेळी दोन गोष्टी त्याच्याकडून बघून घ्या: गाडी चालवून आल्यावर एखादं चाक इतरांपेक्षा जास्त तापतं का, म्हणजे ब्रेक धरून राहतो आहे का, आणि एअर फिल्टर कधी बदललाय. फिल्टरबद्दल लोकांचा एक समज आहे की तो तुंबला की ॲव्हरेज पडतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत ते खरं होतं. आताच्या गाडीत संगणक हवेच्या मापाने पेट्रोल कमी करतो, म्हणून ॲव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही, पिकअप मात्र जातो. दोन-चारशे रुपयांची वस्तू आहे, बदलून टाका. टायरमधली हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा.

घसरणीतला थोडा भाग पेट्रोलचाही आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. तुमच्यासारख्या २०२३ पूर्वीच्या गाडीला त्याचा तीन ते सहा टक्के फटका धरावा. म्हणजे १६.२ चे साधारण १५.२ ते १५.७. पण तुम्ही १३.१ वर आहात. वरचे दोन किलोमीटर इथेनॉलने खाल्लेले नाहीत.

आता पैसे. तुम्ही महिन्याला १,४०० किलोमीटर लिहिलंत, वर्षाला १६,८००. पेट्रोल तुमच्याच हिशेबाप्रमाणे ९७ रुपये. १३.१ च्या ॲव्हरेजने वर्षाला १,२८२ लिटर लागतं. दुरुस्तीनंतर गाडी नुसती १५ वर आली, तरी १,१२० लिटरमध्ये भागेल. १६२ लिटर वाचले, म्हणजे जवळपास १५,७०० रुपये. तुमच्या वर्गातल्या मुलांसाठी दुसरा आकडा: एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे वर्षाला पावणेचारशे किलोंच्या आसपास कमी. क्लचचं काम अशा गाडीत साधारण दहा-पंधरा हजारांच्या घरात होतं. वर्षभरात ते पैसे पेट्रोलमधूनच परत येतात, आणि गेलेला पिकअपही परत मिळतो.

रिमॅपला माझा स्पष्ट नकार आहे. टर्बो असलेल्या इंजिनात संगणकाचा प्रोग्रॅम बदलून ताकद बरीच वाढते, कारण टर्बोचा दाब वाढवता येतो. तुमच्या साध्या इंजिनात दाब वाढवायला टर्बोच नाही, त्यामुळे मिळतं ते फार थोडं. त्यातही झिजलेल्या क्लचवर जास्त ताकद टाकली तर तो आणखी लवकर जळेल. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं होईल. बाजारात पेडलला जोडायचा एक छोटा डबाही मिळतो. तो दुकानदार दाखवेल तेव्हा गाडी खरंच चपळ वाटेल, पण तो फक्त पायाचा इशारा वाढवून सांगतो. अर्धा पाय दाबला तर पाऊण दाबल्यासारखं. पूर्ण दाबल्यावर ताकद होती तेवढीच, आणि घाटात तुम्ही पूर्णच दाबता.

फ्री-फ्लो सायलेन्सर बसवताना काही जण मधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकतात. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे विषारी वायू कमी करणारा भाग तोच. तो काढला तर तुम्ही ज्या धुराची काळजी करता तोच वाढेल. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे: निर्मात्याने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि मला सगळ्यात जास्त भीती आहे ती विम्याची. इंजिनात बदल केला आणि कंपनीला कळवला नाही, तर अपघातानंतर दावा अडवायला त्यांच्या हातात कारण मिळतं. २८ हजारांच्या वस्तूसाठी लाखोंचं संरक्षण धोक्यात घालायला मी सल्ला मागणाऱ्या कुणालाच सांगणार नाही.

यजमानांच्या टर्बोचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. त्यात तथ्य आहे. ह्युंदाई व्हेन्यूचंच बघा: १.२ लिटर साध्या इंजिनाला ११४ न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे चाक फिरवणारा जोर), तोही चार हजार फेऱ्यांना. १.० लिटर टर्बोला १७२, आणि तो दीड हजार फेऱ्यांपासून मिळायला लागतो. घाटात हा फरक पाठीला जाणवतो. पण त्याची किंमत मांडू. नवी गाडी ऑन-रोड १३ लाख, जुनीचे ५ लाख येतील असं तुम्ही धरलंय, वरच्या ८ लाखांत २ लाख तुमच्या ठेवीतले आणि ६ लाख कर्ज. ९ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता १२,४५५ रुपये. एकूण भराल ७ लाख ४७ हजार, त्यात व्याज १ लाख ४७ हजार. हाच हप्ता साडेसहा टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत घातला असता तर पाच वर्षांनी सुमारे ८ लाख ८० हजार झाले असते. आणि कर्ज फिटेल तेव्हा विम्याच्या तक्त्याप्रमाणे गाडीची किंमत निम्म्यावर आलेली असेल.

हे सगळं महिन्यातून दोनदा, जाता-येता घाटातल्या काही मिनिटांसाठी. ते २ लाख तुमच्या घरची अडीअडचणीची एकमेव ठेव आहे असं तुम्हीच लिहिलंय. लेक परगावी वसतिगृहात असताना ती मोडणं मला अजिबात पटत नाही.

आणि ताई, चोर्ल्याचा रस्ता मी पावसाळ्यातही पाहिलाय. केरीहून चढायला लागलं की धुकं उतरतं, समोरच्या ट्रकचे दिवे तेवढे दिसतात. तिथे दीडपट टॉर्क असला म्हणून वळणापलीकडचं दिसत नाही. ओव्हरटेक करण्याआधीच दुसरा गिअर टाका, तुमच्या इंजिनाची ताकद साडेतीन-चार हजार फेऱ्यांनाच येते. ॲव्हरेजसाठी दोन हजारांवर गिअर बदलायची सपाट रस्त्यावरची सवय चढावर सोडा. आणि रस्ता सरळ, मोकळा दिसत नसेल तर ट्रकच्या मागेच राहा.

तुम्ही लिहिलेली एक सवय मात्र आजच बंद करा: बेळगावहून परतताना उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवण्याची. तिने पेट्रोल वाचत नाही. गाडी गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला, की आताच्या इंजिनात पेट्रोल पूर्ण बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला पेट्रोल पीतच राहतं. वर इंजिनाचा रोध नसल्याने सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर पकड सोडू शकतात. ज्या गिअरने चढलात साधारण त्याच गिअरने उतरा. पेट्रोल वाचवायचं असेल तर गर्दीत लक्ष ठेवा. वेग घेताना जाळलेलं पेट्रोल ब्रेक मारला की उष्णता होऊन निघून जातं. पुढे सिग्नल लाल दिसला की आधीच पाय उचला. वेग जरा झटकन घेतला तरी चालेल, पण तो उगाच घालवू नका.

नवी गाडी कधीच घेऊ नका असं मी म्हणत नाही. लेकीचं शिक्षण संपू दे. तोवर वाचलेले पैसे धरून महिन्याला ६,००० रुपयांची आवर्ती ठेव चालू करा. साडेसहा टक्क्यांनी तीन वर्षांत सुमारे २ लाख ३८ हजार होतील. तीन वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारात घालू नका. जुनी ठेव तशीच राहू दे. तीन वर्षांनी तुमच्या पडवीतच चार्जर बसेल, तेव्हा विजेची छोटी एसयूव्ही यजमानांना दाखवा. विजेच्या मोटरला टॉर्क पहिल्या क्षणापासून मिळतो, त्यामुळे तुम्हा दोघांचा वाद तिथे बराचसा मिटेल. एका युनिटला सात किलोमीटर आणि सहा रुपये युनिट धरलं तरी किलोमीटरला रुपयाच्या आत खर्च, आज तुमचा सव्वासात ते साडेसात रुपये होतोय. गोव्यात येणारी वीज बाहेरून येते आणि त्यातली बरीच कोळशावर तयार होते, त्यामुळे धूर शून्य होणार नाही. देशाच्या सरासरीने युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर किलोमीटरला सुमारे १०० ग्रॅम, पेट्रोलच्या १५ च्या ॲव्हरेजला तो १५३ ग्रॅम. मुलांना शिकवताना हा आकडाही सांगा, तो खरा आहे.

सध्या एवढंच करा: येत्या रविवारी क्लच तपासा, आणि मेकॅनिक ट्रायल घेईल तेव्हा यजमानांना शेजारी बसवा. त्यांनी काटा आणि वेग स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवेत. काम झाल्यावर चार वेळा टाकी फुल्ल भरा आणि वहीचं ते पान मला पाठवा.