पावसाळ्यात मारलेलं लॅकर पांढरं पडलंय, ओघळही आलेत. सगळं खरवडायचं का?

नाही. टीपॉयवर पांढरी झाक, पायाशी ओघळ आणि वर संत्र्याच्या सालीसारखी खडबड, हे तिन्ही दोष न खरवडता जातात. अट एकच, लॅकर एनसी (नायट्रोसेल्युलोज, थिनरने पुन्हा मऊ होणारं) असायला हवं. टीपॉयच्या खालच्या बाजूला एनसी थिनरचा बोळा अर्धा मिनिट टेकवून बघा. चिकट झालं तर एनसी. ढिम्म राहिलं तर बहुधा पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइन. तिथे पुढची युक्ती चालत नाही, घासून नवा हातच द्यावा लागतो.

पांढरी झाक म्हणजे अडकलेलं पाणी. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि गार पाण्याच्या तांब्याला सुटतो तसा घाम त्यावर धरतो. पाऊस उघडलेल्या दिवशी, भर दुपारी, स्प्रे गनमध्ये रिटार्डर (थिनर सावकाश उडावा म्हणून घालायचा द्रव) मिसळलेला नुसता थिनर भरून हलका फवारा मारा. वरचा थर मऊ होतो, पाणी निघून जातं. पृष्ठभाग जेमतेम ओला दिसला की थांबा. पुढच्या हातांच्या थिनरमध्येही 5 ते 10 टक्के रिटार्डर घाला. जास्त झाला तर लॅकर कित्येक दिवस मऊच राहतं.

ओघळाला मात्र दोन दिवस हात लावू नका, आतून ओला असतो, घासलात तर फाटतो. मग नवं ब्लेड उभं धरून शेंडा उतरवा आणि लाकडी ठोकळ्याला 600 नंबरचा वॉटर पेपर (ओला घासायचा पॉलिश पेपर) गुंडाळून साबणाच्या पाण्याने घासा. कडा जपा, तिथे थर पातळ असतो, लाकूड लगेच उघडं पडतं.

खडबडीवर 800 नंबर. चमकते ठिपके दिसताहेत तोवर खड्डे शिल्लक आहेत. कारण बहुतेकदा घट्ट माल किंवा लांब धरलेली गन. लॅकर आणि थिनर निम्मे निम्मे घ्या, गन 15 ते 20 सेंमीवर धरा, मनगट न वळवता अख्खा हात सरकवा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढला पाहिजे.

हे सगळं बंद खोलीत नको. जवळ समई, गॅस, चालू पंखा काहीही नको. थिनरची वाफ ठिणगीने पेटते. कापडी मास्क वाफ अडवत नाही, कार्बन कार्ट्रिजचा लागतो.

शेवटचा हात आठवडाभर मुरू द्या, मग 1500, 2000 नंबरचा पेपर आणि शेवटी चमकवायला रबिंग कंपाउंड.