टीम तिप्पट झाली, रिलीज मात्र अडलं

प्रश्न : परसोडीच्या आयटी पार्कमधल्या आमच्या कंपनीत दोन वर्षांपूर्वी आम्ही १४ जण होतो, आज ४५ आहोत. तेव्हा दुपारी लिहिलेला कोड संध्याकाळी लाइव्ह जायचा, आता आठवडा लागतो. सगळे एकाच सिनिअरच्या होकाराची वाट बघतात. मागच्या महिन्यात डेटाबेसमधल्या एका कॉलमचं नाव बदललं आणि साइट २० मिनिटं बंद पडली. चुकतंय कुठे?
– एक डेव्हलपर, त्रिमूर्तीनगर

उत्तर : जोड्यांचा हिशोब करून पाहा. १४ जणांत बोलणाऱ्यांच्या ९१ जोड्या होतात, ४५ जणांत ९९०. पूर्वी चहाच्या टपरीवर जे आपसूक कानावर पडायचं, ते आता लिहून ठेवावंच लागेल.

आधी त्या सिनिअरला मोकळं करा. सगळ्यांत जास्त हाल त्याचेच होत असणार. बिलिंग, लॉगिन, रिपोर्ट अशा प्रत्येक भागाला दोन जबाबदार माणसं नेमा. रिव्ह्यू, म्हणजे कोडची तपासणी, त्यांच्यापैकी एकानं २४ तासांत करायचा आणि एका वेळी २०० ओळींच्या आसपासच पाठवायच्या. हजार ओळी समोर आल्या की वाचणारा वरवर नजर फिरवून ‘ओके’ लिहून टाकतो.

आता कॉलमचं. डिप्लॉय, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवणं, चालू असताना काही सर्व्हरवर जुना कोड असतो, काहींवर नवा. नाव बदललं की जुना कोड तोच जुना कॉलम मागत राहतो आणि एररचा पाऊस पडतो. म्हणून नवा कॉलम जोडा, कोडला काही काळ दोन्हींत लिहू द्या, जुन्या नोंदी हजार-हजारच्या तुकड्यांत भरा, मग वाचन नव्यावर न्या. जुना कॉलम पुढच्या रिलीजमध्ये काढा. लाखो नोंदी एका दमात भरायला गेलात तर त्या नोंदी लॉक होऊन बाकीचं काम खोळंबतं. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर मोठ्या टेबलवर इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) ‘कॉन्करंटली’, म्हणजे लिहिणं चालू ठेवून, बनवा. साध्या पद्धतीत तो पूर्ण होईपर्यंत त्या टेबलमध्ये काहीच लिहिता येत नाही. ‘कॉन्करंटली’ बनवताना मध्येच फसला तर निकामी इंडेक्स मागे राहतो, तो काढून मगच पुन्हा चालवा.

आणि शुक्रवारी संध्याकाळी किंवा पोळ्याच्या आदल्या दिवशी रिलीज नको. बिघडलं तर निस्तरायला ऑफिसात माणसं हवीत.

प्रश्न : पगारवाढीऐवजी ईसॉप (कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घेण्याचे पर्याय) देतो म्हणतात. घ्यावेत का?
– एक टेस्टर, मनीषनगर

उत्तर : पगारवाढ सोडून नको. पर्याय मिळाल्यापासून किमान १ वर्ष ते वापरता येत नाहीत. शिवाय वापरताना शेअरचा बाजारभाव आणि तुम्ही भरलेली किंमत यांतल्या फरकावर पगारासारखा कर लागतो, शेअर विकून हातात रुपया आलेला नसला तरी. नोकरी सोडल्यावर ते वापरायला किती दिवस मिळतील, हे सही करण्याआधी लेखी मागा.