चेन पुन्हा पुन्हा ढिली का पडते?

प्रश्न : एक्स्कॅव्हेटरची डावी चेन (ज्यावर मशीन चालतं तो पोलादी पट्टा) ग्रीस भरल्यावर दोन दिवस ताठ राहते, मग पुन्हा लोंबते. रिकॉइल स्प्रिंग बदलावी का?

उत्तर : स्प्रिंगला लगेच दोष देऊ नका. तिचं काम धक्का झेलण्याचं. स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) आणि चेनमध्ये दगड अडकला की आयडलर (चेनच्या पुढच्या टोकाचं चाक) मागे सरकतो आणि स्प्रिंग दबते. ताण धरून ठेवतो तो ग्रीस सिलिंडर, म्हणजे दाबलेल्या ग्रीसने आयडलरला पुढे रेटणारा. दोन दिवसांत ताण उतरतोय म्हणजे ग्रीस कुठून तरी गळतंय. ॲडजस्टर व्हॉल्व्ह (जिथून ग्रीस भरतात आणि सोडतात) पुसून घ्या, थोडं चालवा, पुन्हा पाहा. तिथे ओलं दिसलं तर व्हॉल्व्ह, कोरडं असेल तर बहुधा आतलं पिस्टन सील.

लोंबणं मोजताना वरचा भाग ९० अंशांत फिरवा, बकेट टेकवून ती बाजू उचला, चेन फिरवून चिखल झाडा. मग फ्रेमची खालची कड आणि शू (चेनची पट्टी) यांच्यातलं अंतर मधोमध मोजा. आकडा मॅन्युअलचाच घ्या. चिखलात काम असेल तर चेन थोडी ढिली ठेवा, कारण गाळ भरला की ती आपोआप ताणते आणि बुश (चेनच्या सांध्यातल्या नळ्या), स्प्रॉकेट झिजतात. फार ढिली असेल तर वळताना उतरते.

ढिली करताना व्हॉल्व्ह एका फेऱ्याहून जास्त उघडू नका, चेहरा समोर नको. त्या दाबाचं ग्रीस कातडीत घुसतं. ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) तर कधीच सैल करू नका. स्प्रिंगचा संचही साइटवर खोलायचा नसतो.