एकाने बदललं की सगळ्यांचं बदलतं

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत पाच जण ॲक्सेसमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये) केलेला एकच प्रोग्रॅम वापरतात. अक्षरांचा आकार, सुरुवातीला उघडणारा फॉर्म, पासबुकाचा प्रिंटर, अहवालाची ‘पासून’ तारीख, सगळं ‘सेटिंग’ टेबलात एकाच ओळीत आहे. एकाने बदललं की सगळ्यांचं बदलतं. माणसागणिक एक ओळ करून वीस रकाने ठेवू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : रकाने वाढवू नका. उद्या एकविसावी सेटिंग निघाली की सगळ्यांना प्रोग्रॅम बंद करायला लावून टेबलाची रचना बदलत बसाल. तीनच रकाने पुरतात : वापरकर्ता, सेटिंगचं नाव, मूल्य. पहिल्या दोघांची मिळून प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) करा, म्हणजे एकाच माणसाची एकच सेटिंग दोनदा पडणार नाही.

हे टेबल सर्व्हरवरच्या बॅक-एंडमध्येच, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक माहितीच्या फाइलमध्येच हवं. प्रत्येकाच्या फ्रंट-एंडमध्ये, म्हणजे त्याच्या संगणकावरच्या फॉर्म आणि अहवालांच्या फाइलमध्ये ठेवलंत, तर नवी आवृत्ती टाकताना जुन्या फाइलबरोबर त्या सेटिंग्जही जातील. मोठ्या अक्षरांशिवाय ज्यांना खतावणी वाचता येत नाही, अशा कर्मचाऱ्याने दर सुधारणेनंतर पुन्हा अक्षरं मोठी करत बसायचं, हे मला अजिबात पटत नाही.

नवा माणूस रुजू झाला म्हणून त्याच्या नावे वीस ओळी भरू नका. त्याने स्वतः काही बदललं तरच ओळ पडू द्या, नाहीतर संस्थेने ठरवलेलं मूल्य घ्या. पुढे ते मूल्य बदललंत, तर ज्यांनी काही निवडलेलंच नाही त्यांना ते आपोआप लागू होतं आणि ज्यांनी निवडलंय त्यांचं तसंच राहतं.

प्रत्येक फॉर्मवर डीलुकअप (टेबलातून एक मूल्य शोधून आणणारं फंक्शन) लावून सर्व्हरला विचारत राहू नका. प्रोग्रॅम उघडताना त्या माणसाच्या सगळ्या ओळी एकदाच वाचून टेम्पव्हार्समध्ये, म्हणजे प्रोग्रॅम चालू असेपर्यंत मूल्यं धरून ठेवणाऱ्या ॲक्सेसच्या यादीत ठेवा. ही सोय ॲक्सेस 2007पासून आहे. कोडमध्ये चूक होऊन ग्लोबल व्हेरिएबल पुसले गेले तरी टेम्पव्हार्स टिकतात.

मूल्याचा रकाना मजकुराचा असल्यामुळे तारखेला फार जपा. 1 एप्रिल 2025 ही तारीख 01/04/2025 अशी ठेवून तशीच क्वेरीत (माहिती मागवणाऱ्या आज्ञेत) जोडलीत, तर ॲक्सेसचं एसक्यूएल, म्हणजे क्वेरीची भाषा, ती 4 जानेवारी समजतं. चूक कुठेही दाखवत नाही, अहवाल तेवढा चुकीचा निघतो. गंमत म्हणजे 15/04/2025 बरोबर वाचलं जातं, कारण पंधरावा महिना नसतो. म्हणून चाचणीत हा दोष निसटतो. 2025-04-01 असंच साठवा.

वापरकर्ता ओळखायला करंटयूजर हे ॲक्सेसचं फंक्शन उपयोगी नाही; एसीसीडीबी (ॲक्सेसच्या 2007पासूनच्या) फाइलमध्ये ते सगळ्यांना ‘ॲडमिन’च म्हणतं. विंडोजचं लॉगिन नाव घ्या. काउंटरवर दोघं एकाच लॉगिनने बसत असतील, तर तुमचा स्वतःचा लॉगिन फॉर्म लागेल. विंडोजचं नाव एन्व्हायरन या फंक्शनने घेतलं तर ते वापरणाऱ्याला बदलता येतं; अक्षरांच्या आकारासाठी चालेल, कर्जमंजुरीच्या अधिकारासाठी मुळीच नाही.

प्रिंटर मात्र या टेबलात घालू नका. तो माणसाचा नसून त्या काउंटरवरच्या संगणकाचा आहे. कोडमधली सेव्हसेटिंग ही आज्ञा वापरलीत की तो त्या संगणकाच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या स्वतःच्या सेटिंग्जच्या साठ्यात) राहतो आणि माणूस दुसऱ्या काउंटरवर बसला तरी पासबुक भलत्याच खोलीत छापलं जात नाही.

तुमच्या त्या एका ओळीत ठेवीचा व्याजदरही असेल, तर तो आजच बाहेर काढा. त्याला ‘लागू दिनांक’ असलेलं वेगळं टेबल द्या आणि बदलण्याचा अधिकार ठरावीक माणसाकडेच ठेवा.