सातवा नंबर आला म्हणून काय झालं?

प्रश्न : ताई, आम्ही आठ मित्र, एकाच शाळेतले. इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलची नेहमीची फँटसी (खऱ्या खेळाडूंचा आपला कागदी संघ, त्यांच्या खेळावर आपल्याला गुण) बरीच वर्षं खेळलो, पण शेवटी सगळ्यांचे संघ सारखेच दिसायला लागतात. म्हणून यंदा ड्राफ्ट करतोय, म्हणजे आळीपाळीने खेळाडू उचलायचे आणि एकाने घेतलेला दुसऱ्याला मिळत नाही. कोथरूडला एकाच्या गच्चीवर, समोरासमोर बसून. नियम अधिकृत ड्राफ्टचेच, हिशेब एक्सेलमध्ये. चिठ्ठ्या टाकल्या, माझा सातवा नंबर आला. मोठे खेळाडू सगळे माझ्या आधी उडणार. त्यात मी लिव्हरपूलवाला! काय करू? शिवाय प्रत्येकी हजार रुपये लावायचं चाललंय, आई म्हणते हा जुगारच. – २२ वर्षांचा वाचक, कर्वेनगर

उत्तर : बावीस वर्षांच्या माणसाला मी ‘अहो’ म्हणणार नाही. तेव्हा अरे, आधी वहीत हे आकडे लिहून काढ : ७, १०, २३, २६, ३९, ४२. या तुझ्या पाळ्या. ड्राफ्टचा क्रम नागमोडी असतो, पहिली फेरी एक ते आठ, दुसरी आठ ते एक. ज्या पहिल्या नंबरवाल्याचा तुला हेवा वाटतोय, त्याची पुढची पाळी थेट सोळावी. एक हिरा उचलून तो चौदा नावं जाताना बघत बसणार. तुझ्या सातव्या आणि दहाव्या पाळीच्या मध्ये मात्र एकच माणूस आहे, आठवा. त्याच्या शेजारीच बस आणि त्याच्या वहीवर नजर ठेव. त्याचे तिन्ही फॉरवर्ड भरले असतील, तर तुला हवा असलेला फॉरवर्ड तो घेऊच शकत नाही. अशा वेळी आधी दुसरं काहीतरी उचलायचं आणि फॉरवर्ड तीन पाळ्यांनी घ्यायचा.

तुझी खरी अडचण दहा ते तेवीसमध्ये आहे. तिथे बारा नावं जातात. म्हणून दहाव्या पाळीला ‘सगळ्यात चांगला कोण’ हे विचारू नकोस. तेविसाव्या पाळीला त्या जागेवर कोण उरलेलं असेल ते विचार. आज मिळणारा आणि तेव्हा मिळणारा यांच्यात जिथे जास्त फरक, ती जागा आज भर.

आता हे हिशेबाने बघ. संघात २ गोलकीपर, ५ डिफेंडर, ५ मिडफिल्डर, ३ फॉरवर्ड. आठ जणांचे मिळून २४ फॉरवर्ड जाणार आणि क्लब आहेत २०, त्यातले बरेचसे एकच स्ट्रायकर खेळवतात. म्हणजे रोज सुरुवातीपासून खेळणारे फॉरवर्ड सगळ्यांना पुरणारच नाहीत. चांगले दोन लवकर घे. तिसरा कोणीही चालेल, कारण अकरात एक फॉरवर्ड असला तरी संघ उतरवता येतो. गोलकीपर सोळा लागणार आणि रोज खेळणारे वीस. चौथ्या-पाचव्या फेरीत कोणी गोलकीपर घेतला तर त्याला चहा पाज, आणि तू तुझे दोन शेवटच्या दोन फेऱ्यांत घे.

मिडफिल्डरांकडे मात्र नीट बघ. त्यांच्या गोलला ५ गुण, फॉरवर्डच्या गोलला ४. लिव्हरपूलचा सलाह खेळायचा पुढे, पण फँटसीत त्याची नोंद होती मिडफिल्डर. २०२४-२५ मध्ये २९ गोल आणि १८ असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला दिलेला पास) करून त्याने ३४४ गुण मिळवले, तो विक्रम होता. असे ‘नावाला मिडफिल्डर’ शोध, त्यातही पेनल्टी मारणारे. ड्राफ्टमध्ये कॅप्टन नसतो, एकाचे गुण दुप्पट होत नाहीत. त्यामुळे एका ताऱ्यावर हंगाम निघत नाही. अकरावा-बारावा माणूसही दर आठवड्याला नव्वद मिनिटं मैदानावर हवा.

लिव्हरपूलचं म्हणशील, तर मीही बालेवाडीला एफसी पुणे सिटीसाठी घसा बसेपर्यंत ओरडले आहे, निष्ठा मला कळते. पण तुझी निष्ठा त्या गच्चीवरच्या सातही जणांना ठाऊक आहे. लिव्हरपूलच्या खेळाडूसाठी तू लवकर हात घालशील, हे गृहीत धरून ते बसतील. एकच घे, तोही पाळीच्या किमतीत बसला तर.

आणि ड्राफ्ट संपला की वही मिटू नकोस. कोल पामर १ सप्टेंबर २०२३ ला चेल्सीत आला, म्हणजे हंगाम सुरू झाल्यावर. त्या वर्षी त्याने लीगमध्ये २२ गोल केले. ड्राफ्टच्या रात्री तो कोणाच्या यादीत असणार? असे खेळाडू वेव्हरमधून मिळतात, म्हणजे कोणीच न घेतलेल्यांपैकी एखाद्यावर हंगामात हक्क सांगून. वेव्हरची मुदत डेडलाइनच्या, म्हणजे त्या आठवड्याचा संघ ठरवायच्या वेळेच्या, २४ तास आधी संपते. शनिवारी इंग्लंडात दुपारी साडेबाराचा सामना पहिला असेल, तर ऑगस्टमध्ये आपल्याकडे तो पाचला आणि डेडलाइन त्याच्या दीड तास आधी, साडेतीनची, म्हणजे वेव्हर शुक्रवारी दुपारी साडेतीनपर्यंत. ऑफिसात असशील, फोनवर गजर लाव. गणपतीत ढोल पथकात असशील तर दोन लाव.

पैशांबद्दल आईशी वाद घालू नकोस. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली. तुमची एक्सेल त्यात बसते का, यावर वकिलाला विचारण्यापेक्षा हजाराची गोष्ट सोडून द्या. हंगाम मे महिन्यात संपतो. शेवटून पहिला येईल त्याने सगळ्यांना आमरस-पुरी घालायची. रस हापूसचा की पायरीचा, हे मात्र ड्राफ्टच्या आधीच ठरवून घ्या. त्यावरून मोडलेले गट मी पाहिले आहेत.