आधी अडुळसा, बाकीचं मग

ताई, माण-खटावासारख्या दुष्काळी भागात औषधी रोपं लावायला सांगताना बायकांच्या पहिल्याच बैठकीत वीस रोपांची यादी वाचू नका. उन्हाळ्यात प्यायला टँकरचं पाणी, तिथं ब्राह्मीला कोण घालणार? अडुळशापासून सुरुवात करा. पावसाळ्याच्या तोंडावर वीतभर फांदी खोचली की जगते, आणि शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. (आपल्याकडं हा गुण औषधी गुणापेक्षा मोठा!) कोरफड भांडी विसळलेल्या पाण्यावरही येते. गुळवेल बांधावरच्या कडुनिंबावर चढवा.

काढ्याचं घरातल्या म्हातारीला बोलू द्या, बायका तिचं ऐकतात. मात्र गरोदरपणी अडुळसा पोटात घ्यायचा नाही, हे तुम्ही स्वतः ठासून सांगा. आणि धाप लागली किंवा साप चावला तर पाला वाटत बसायचं नाही, थेट सरकारी दवाखाना गाठायचा.