रक्तजल काढत नाहीत, वेगळे करतात

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका वाचकाने विचारले आहे: 'रक्तजल नमुना' म्हणजे रक्ताचाच नमुना ना? आणि डेंगीच्या रिपोर्टवर 'आयजीजी पॉझिटिव्ह' असेल तर डेंगी निघाला म्हणायचे का?

'घरोघरी जाऊन रक्तजल काढले' हे वाक्य दर पावसाळ्यात वाचावे लागते आणि ते साफ चूक आहे. शिरेतून निघते ते रक्त. लाल झाकणाच्या साध्या नळीत ३ ते ५ मिलिलिटर रक्त घेतात, अर्धा तास न हलवता उभे ठेवतात आणि गोठले की सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. वर राहणारा पिवळसर, नितळ भाग ते रक्तजल, म्हणजे सीरम. नळी जोरात हलवली किंवा रक्तच फ्रीजरमध्ये ठेवले, तर तांबड्या पेशी फुटून रक्तजल लालसर होते; तो नमुना बाद. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू देत नाहीत. ती प्लेटलेट मोजायला.

लॅटिनमध्ये 'सेरुम' म्हणजे दह्यावरचे पाणी! गंगावेशीच्या कट्ट्यावरच्या म्हशीच्या दुधाचे दही लावा, चमचाभर काढा. थोड्या वेळाने खळग्यात साचते ते सेरुम. आणि त्याचा मूळ क्रियाधातू आपल्या संस्कृत 'सृ'चा सख्खा भाऊ, वाहणे या अर्थाचा. म्हणजे सरिता, सरणे, अपसरण, अगदी संसारसुद्धा सीरमच्या भावकीतले. इतकी जवळची सोयरीक असताना परिभाषाकारांनी सीरमसाठी 'रक्तरस' का घडवला, ते मला अजिबात पटत नाही. आयुर्वेदात रस आणि रक्त हे शरीराचे दोन स्वतंत्र धातू आहेत. त्यांची मोट बांधून तिसराच अर्थ काढणे हा गोंधळ आहे. 'लसिका' म्हणणाऱ्यांनी तर लिम्फचा, म्हणजे शरीरातल्या दुसऱ्याच एका द्रवाचा, शब्द पळवला. चुन्याची निवळी आपल्याला माहीत आहे, मग 'रक्तनिवळी' का नको? गाठ खाली बसल्यावर वर निवळते ते, इतका नेमका अर्थ 'रक्तजल'लाही साधत नाही.

आता रिपोर्ट. दिवस मोजायचे ते ताप आल्यापासून. पहिले पाच दिवस एनएस-१ पाहतात. तो विषाणूचाच अंश, प्रतिपिंड (विषाणूशी लढायला शरीराने बनवलेले प्रथिन) नव्हे. आयजीएम प्रतिपिंडे साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या आयजीएम निगेटिव्हला काही अर्थ नाही. आयजीजी (प्रतिपिंडांचाच दुसरा प्रकार) पहिल्या संसर्गात उशिरा येते आणि पुढे कित्येक वर्षे टिकते. त्यामुळे नुसती आयजीजी म्हणजे 'डेंगी निघाला' नव्हे, ती जुन्या संसर्गाचीही असू शकते. पण दुसऱ्यांदा डेंगी झाला तर आयजीजी पहिल्याच आठवड्यात झपाट्याने चढते आणि आयजीएम कधीकधी नावालाच दिसते, म्हणून तिला जुनी म्हणून सोडूनही देता येत नाही. अशा वेळी दहा-बारा दिवसांनी दुसरा नमुना घेतात. पातळी चौपट वाढली तर संसर्ग आत्ताचा. जपानी मेंदूज्वर आणि झिका हे डेंगीच्याच कुळातले असल्याने त्यांची प्रतिपिंडेही चाचणीला फसवतात. पट्टीवरचा झटपट निकाल संशयापुरता, खात्रीसाठी प्रयोगशाळेतली एलायझा चाचणी. आयजीएमही दोन-तीन महिने रेंगाळते, तेव्हा डॉक्टरांना रिपोर्टसोबत ताप सुरू झाल्याची तारीख आणि मागच्या तीन महिन्यांतला ताप, दोन्ही सांगा.